चि. सायलीस

नेहरूनगर, कुर्ला

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रात्री फोनवर आईच बोलत राहिली, म्हणून लिहितोय. फ्रँकफर्टला पुढचं विमान चुकलं, रात्र बाकावर काढलीस, आणि म्युनिकला उतरलीस तर बॅगेचा पत्ता नाही. तरी डगमगली नाहीस, आधी तक्रार नोंदवलीस आणि मगच बाहेर पडलीस. आईने सकाळपासून अख्ख्या मजल्याला सांगितलंय. मी पेपरवाल्याला सांगितलं.

एकच विचारायचंय. इनहेलर पर्समधला तेवढाच ना तुझ्याजवळ? बाकीचे मोठ्या बॅगेत, मेतकुटाच्या डब्याला लागून. पर्समधल्या इनहेलरच्या मागे किती डोस उरले तो आकडा दिसतो, तो बघून कळव.

आता बॅगेचं. तक्रारीचा कागद, ज्याला पीआयआर म्हणतात, आणि बोर्डिंग पासवर चिकटवलेला टॅगचा तुकडा, दोन्हींचे फोटो मला पाठव. स्वेटर, आतले कपडे, ब्रश हे लागणारच. घे, पण पावत्या जपून ठेव. विमानप्रवासातल्या भरपाईचा १९९९ चा माँट्रियल करार आपल्यालाही लागू आहे आणि जर्मनीलाही. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी मागणी करायची. २१ दिवसांत आलीच नाही, तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. "येईल हो उद्या" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नकोस, ईमेलवर घे. माझी सगळी नोकरी क्लेम खात्यात गेली, कागदाअभावी खरी माणसं हात हलवत परत गेलेली मी पाहिली आहेत.

असो. रात्रभर जागलेल्या पोरीला नियम शिकवत बसलो, रागावू नकोस. आधी जेव, झोप.

पण तिकडे पहाटेची थंडी, आणि तुझा दम पहाटेच लागतो. २६ जुलै २००५ ला तू चार वर्षांची होतीस. मी फोर्टातून चालत, सायनच्या पुढे कमरेएवढ्या पाण्यातून घरी पोचलो. लाइट नव्हते. आजी तुला खिडकीशी बसवून पाठ चोळत होती, आणि प्रत्येक श्वासाला तुझ्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. खांद्यावर घेऊन निघालो. शेजारचे काका पुढे टॉर्च धरून. डॉक्टरांनी मेणबत्तीच्या उजेडात इंजेक्शन दिलं. आणि तू रडत होतीस ती सँडल वाहून गेली म्हणून! त्या रात्रीपासून मी तुझा श्वास ऐकत झोपायला शिकलो. आता भिंतीपलीकडे कुणी नाही.

तिथे इनहेलर चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घेतली आहे, औषधाचं मूळ नाव साल्ब्युटामॉल ठळक आहे. ती दाखवून तिथल्या डॉक्टरची घे. दवाखाने बंद असतील तर ११६११७ वर फोन लागतो. श्वास खरंच अडला तर थेट ११२, तिथे "उगाच कशाला त्रास" असं मनात आणू नकोस. आणि तुला दमा आहे हे खोलीतल्या मैत्रिणीला आजच सांग. लपवायची तुझी सवय मला माहीत आहे.

पैसे लागले तर माग, संकोच नको. इनहेलरचा आकडा आधी कळव.

तुझा,
बाबा