मानद म्हणजे बिनफीचं, बिनतपासणीचं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1 जुलैच्या सीए, म्हणजे सनदी लेखापाल, दिनानिमित्त आपण खास पान काढलंत, त्याबद्दल मनापासून आभार. प्राप्तिकर, जीएसटी, विवरणपत्रांच्या मुदती, सगळं सोप्या भाषेत आलंय. मी मिरजेत 34 वर्षं प्रॅक्टिस करून आता थांबले आहे. त्या पानावर मला एक नाव हवं होतं, ते दिसलं नाही: आर. शिवभोगम.

आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री लेखापाल मद्रासच्या. जन्म 1907 चा. सिस्टर सुब्बलक्ष्मींच्या प्रभावात वाढल्या. आपल्याकडे हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी जे उभं केलं, त्याच जातीचं काम मद्रासेत बालविधवांसाठी करणाऱ्या त्या बाई. शिवभोगम स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या, परदेशी मालावरच्या बहिष्कारात सामील झाल्या आणि वेल्लोरच्या तुरुंगात वर्षभर राहून आल्या. सुटल्यावर त्यांनी हिशेबाचा अभ्यास धरला आणि 1933 मध्ये त्या जीडीए, म्हणजे हिशेबाची सरकारी पदविका, उत्तीर्ण झाल्या. (ही पदविका मुळात मुंबईची, 1918 मध्ये इथेच सुरू झाली.) पण पुढे वाट अडली. तुरुंगवास झालेल्याला लेखापाल म्हणून नोंदणी नाही, असा नियम आडवा आला. त्याविरुद्ध त्या न्यायालयात गेल्या, जिंकल्या, आणि 1937 मध्ये स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली.

1949 मध्ये सनदी लेखापालांचा कायदा झाला, 1 जुलैला त्यांची आजची देशव्यापी संस्था, आयसीएआय, उभी राहिली. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1955 मध्ये, शिवभोगम संस्थेच्या दक्षिण विभागीय परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि 1958 पर्यंत सलग तीन वेळा त्या पदावर राहिल्या. अंतिम परीक्षा पहिल्याच फटक्यात उत्तम गुणांनी पास होणाऱ्या मुलीसाठी त्यांनी संस्थेत पारितोषिक ठेवलं. त्या जन्मभर खादीत राहिल्या. 1966 मध्ये गेल्या.

मला हे नाव प्रथम सांगितलं ते माझ्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीच्या, सरांनी. साल 1984. एका सूतगिरणीत ऑडिटला मी एकटी गेले होते. तिथल्या हिशेबनिसांनी मला वरखाली पाहिलं, "साहेब कधी यायचे?" म्हणून विचारलं आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. खतावण्यांचं, म्हणजे हिशेबाच्या वह्यांचं, कपाट बारा वाजेपर्यंत उघडलं नाही. किल्ली त्यांच्या खिशात होती, ते मला दिसत होतं. संध्याकाळी ऑफिसात आले ती रडवेलीच. सरांनी गिरणीवाल्यांना फोन केला नाही की मला समजावलं नाही. चहा मागवला आणि शिवभोगमबाईंची ही सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाले, "त्यांना वर्षभर तुरुंगात ठेवलं होतं. तुला दोन-तीन तास किल्ली मिळाली नाही. उद्या नऊला जा आणि आधी रोख शिल्लक मोज." मी गेले. शिल्लक मोजली. त्यानंतर कपाट रोज नऊला उघडं असे.

सर संस्थेच्या आमच्या शाखेचे अध्यक्ष होते, पुढे बऱ्याच समित्यांवर होते. पण मला ते आठवतात ते त्यांच्या हिरव्या पेन्सिलीसह. तिची खूण व्हाउचरवर, म्हणजे खर्चाच्या पुराव्याच्या कागदावर, उमटली की ते पाहिलं गेलं. फी देणाऱ्या गिऱ्हाइकाची फाईल असो की गावातल्या वाचनालयाची मानद तपासणी, खुणा तितक्याच दाट. वाचनालयाच्या 12 रुपयांच्या सुतळीच्या बिलावरसुद्धा खूण असे. मला तेव्हा वाटे, एवढा वेळ कशाला? हे काम तर फुकट चाललंय.

संपादक महाराज, नेमकं इथेच मला बोलायचं आहे. मानद म्हणजे फी न घेता, एवढंच. तपासणी न करता, असा त्याचा अर्थ कुठल्याच कायद्यात नाही. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यानुसार तपासनिसानं अनियमित किंवा अयोग्य खर्च अहवालात दाखवायचा असतो, वसूल न केलेली येणी दाखवायची असतात, आणि तो अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो. सही कोणी फुकट केली की पैसे घेऊन, हे तिथे विचारलं जात नाही. तरीही मोठ्या नावाच्या एका संस्थेचे पदाधिकारी एकदा 28 सप्टेंबरला, मुदत अगदी तोंडावर आली असताना, रात्री माझ्या घरी आले, ताळेबंद टाइप करून घेऊनच. "मॅडम, समाजसेवा समजून फक्त सही करा." मी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मागितली. ती "बघून पाठवतो" म्हणाले. ती कधीच आली नाही आणि मी सही केली नाही. गावात माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. ते मला आजही लागतं, पण त्या नकाराचा पस्तावा एक दिवससुद्धा झाला नाही.

याउलट मुलींचं एक छोटं वसतिगृह. खजिनदार निवृत्त गुरुजी, वय 78. दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात व्हाउचर घेऊन यायचे, तारखेनुसार दोऱ्यात ओवलेली. एका वर्षी 340 रुपयांचा फरक लागेना. तीन संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. गुरुजी सारखे म्हणायचे, "मी माझ्या खिशातून भरतो." मी त्यांना भरू दिले नाहीत, कारण भरले असते तर फरक मिटला असता, चूक तशीच राहिली असती. तिसऱ्या दिवशी पावतीपुस्तकाच्या दोन स्थळप्रती, म्हणजे पुस्तकातच राहणाऱ्या पावत्यांच्या नकला, पावसानं एकमेकींना चिकटलेल्या सापडल्या. त्यातल्या झाकल्या गेलेल्या प्रतीवर 340 रुपये. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. त्याच डब्यात एक लिफाफा होता, त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात: "ज्वारी 2 पोती, नाव सांगितले नाही." त्या वर्षापासून धान्याची वेगळी साठावही घातली. देणाऱ्यानं नाव सांगितलं नसेल, तरी पोती पुस्तकात आलीच पाहिजेत.

पेशातल्या तरुण मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. एक संस्था घ्या. एकच, पण तिची कीर्द स्वतः उलगडा, हाताखालच्या आर्टिकलवर, म्हणजे उमेदवारावर, सोडू नका. तिच्या खजिनदाराला रोजच्या रोज लिहायला शिकवा. बहुतेक ठिकाणी घोटाळा नसतोच, सवय नसते. आणि संस्थाचालकांनो, सप्टेंबरची वाट पाहू नका. 31 मार्चला वर्ष संपतं, मे महिन्यात पुस्तकं द्या, म्हणजे तपासणाऱ्याला तपासायला वेळ मिळेल.

आपणांकडे एकच मागणं आहे. पुढच्या 1 जुलैला शिवभोगमबाईंवर चार ओळी छापा. मिरज-सांगलीच्या वाणिज्य महाविद्यालयांत आज वर्गात निम्म्याहून जास्त मुली मला दिसतात. त्यांच्यासाठी एक पारितोषिक एका खादीधारी बाईनं केव्हाच ठेवलं आहे, हे त्यांना ठाऊक नाही. गुरुजी आता नाहीत. वसतिगृहाची कीर्द तिथेच वाढलेली एक मुलगी लिहिते. या एप्रिलमध्ये ती डबा घेऊन आली, तोच पत्र्याचा. स्थळप्रतींमध्ये तिनं वर्तमानपत्राचे कपटे घालून आणले होते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त सनदी लेखापाल, मिरज