फॉर्म ८६०६ न भरल्यामुळे आलेली आयआरएसची (अमेरिकी आयकर खात्याची) नोटीस : तक्रार आणि मागणी

दिनांक : २९ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. संचालक,
आपली करसल्ला कंपनी, न्यू जर्सी

विषय : २०२३ च्या रिटर्नमध्ये आयआरए या निवृत्ती खात्यातले पैसे रॉथ आयआरएमध्ये वळवल्याचं (रूपांतर) न दाखवल्याबद्दल, आणि तीच चूक २०२४ च्या रिटर्नमध्येही असल्याबद्दल

महोदय,

गेली सहा वर्षं आम्ही दोघं नवरा-बायको तुमच्याकडून रिटर्न भरून घेतोय. मंडळाच्या गणेशोत्सवात तुमचं टेबल असतं, तिथे मोदकाच्या रांगेत उभं असताना तुमची ओळख झाली. आपल्या माणसाशी आपल्या भाषेत पैशाचं बोलता येईल, एवढ्याच भरवशावर आलो होतो. म्हणून तक्रारही मराठीतच लिहितोय. निदान भाषेमुळे घोटाळा झाला असं कोणाला म्हणता येणार नाही.

तुमच्या कर्मचाऱ्यांना मी हे तीनदा सांगितलंय, पण तुमच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. २०२३ मध्ये आम्ही प्रत्येकी ६,५०० डॉलर ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (साध्या निवृत्ती खात्यात) भरले. दोघांच्याही ऑफिसात ४०१(के) ही निवृत्ती योजना आहे आणि एकत्र उत्पन्न २,२८,००० डॉलरच्या वर जातं. त्यामुळे या रकमेची वजावट मिळत नाही आणि थेट रॉथमध्येही (जिथून पुढे काढताना कर लागत नाही) पैसे भरता येत नाहीत. मग आमच्यासारखे लोक करतात तेच केलं : पैसे जमा झाल्यावर आठवड्याभरात रॉथमध्ये वळवले. यालाच बॅकडोअर रॉथ म्हणतात. तेवढ्या दिवसांत माझ्या खात्यात ४ डॉलर आणि हिच्या खात्यात ३ डॉलर व्याज पडलं. म्हणजे वळवले १३,००७. त्यातल्या १३,००० वर कर आधीच भरलेला. करपात्र रक्कम सात डॉलर, आणि त्यावरचा कर दोन डॉलरसुद्धा नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही १०९९-आर, म्हणजे आयआरएमधून पैसे निघाल्याचे ब्रोकरचे फॉर्म, मी तुमच्या पोर्टलवर चढवले. कधी चढवले ते पोर्टलवर आजही दिसतं : ११ फेब्रुवारी, रात्री १०:४२. सोबत टीपही लिहिली होती, की हे वजावट न घेतलेले पैसे आहेत, दोघांचे ८६०६ वेगवेगळे लागतील. रिटर्न तपासायला आलं तेव्हा १०४० या मुख्य फॉर्मवरच्या आयआरएच्या ४ए आणि ४बी या दोन्ही ओळी कोऱ्या, आणि ८६०६ चा पत्ता नाही. मी फोन केला. तुमच्या पुण्याच्या ऑफिसातून एका मुलीने उत्तर दिलं, “सर, हे बॅकडोअर वगैरे आपण रिटर्नमध्ये दाखवत नाही. टॅक्सेबल नाही ना, मग कशाला?”

तिचा सूर असा होता, जणू मी काहीतरी लपवाछपवीचं बोलून गेलो आणि ती मला सांभाळून घेतेय. मराठीत मागच्या दाराने म्हटलं की एक तर मांजर येतं नाही तर वशिल्याचा माणूस, त्यामुळे तिला दोष देत नाही. पण या प्रकारात आडमार्गाचं काही नाही. रूपांतराला असलेली उत्पन्नाची अट २०१० पासून उठली आहे, आणि अशा व्यवहाराची नोंद करायला सरकारने खास फॉर्म ठेवलाय. त्याचाच नंबर ८६०६. हे पुण्यातल्या मुलीला माहीत नसेल तर ते शिकवणं तुमचं काम. रिटर्नवर सही पुण्याची नाही, न्यू जर्सीची आहे.

मी त्या दिवशी जास्त ताणून धरलं नाही आणि ई-फाइलला संमती दिली. एवढी चूक माझी, मान्य. मार्च महिना होता, मुलीची परीक्षा होती, आणि ज्याला ४२५ डॉलर देतोय त्याला जास्त कळत असणार असं वाटलं.

या वर्षी जूनमध्ये नोटीस आली. सीपी२०००. लिफाफा हिने उघडला आणि ओट्यावर कणकेच्या परातीशेजारी ठेवून मला फोटो पाठवला. त्यात एक तक्ता होता. रिटर्नमध्ये दाखवलेलं : ०. इतरांनी कळवलेलं : १३,००७. फरक : १३,००७. खाली वाढीव कर ३,१२२ डॉलर, त्यावर व्याज, सगळं मिळून ३,४०० च्या पुढे. उत्तर द्यायला तीस दिवस. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे. अशा वेळी आयआरएसचं पाकीट घरात आलं की काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुम्हीही त्यातून गेलेले आहात. सांगलीहून सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारला तो, “घरावर टाच येते का हो?” बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. नोटीस या शब्दाला ते एकाच अर्थाने ओळखतात.

मी त्याच दिवशी तुमच्या ऑफिसात फोन केला. पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

पहिल्या फोनला उत्तर मिळालं, “भरून टाका सर, वाद घालण्यात अर्थ नाही, व्याज वाढत जाईल.” ज्या रकमेवर आम्ही एकदा कर भरलाय तिच्यावर पुन्हा तीन हजार भरा, हा सल्ला करसल्लागाराचा! कागद न बघता दिलेला. चार दिवसांनी दुसरा फोन, तेव्हा सांगण्यात आलं की सुधारित रिटर्न करावं लागेल, त्याचे ३५० डॉलर वेगळे. मी म्हटलं, दर वर्षी ४९ डॉलर जादा घेऊन तुम्ही नोटीस सहाय्य योजना देता, ती मी घेतली आहे, पावती आहे. त्यावर उत्तर, “ती ऑडिटसाठी असते. ही नोटीस ऑडिट नाही.” नोटीस सहाय्य या नावाच्या योजनेत नोटीस बसत नाही, हे ऐकून मी फोन ठेवला. तिसऱ्या वेळी तुमच्यासाठी निरोप ठेवला होता. परत फोन आला नाही.

शेवटी मी दोन रविवार घालून स्वतःच केलं. ते कसं केलं हे लिहितो, म्हणजे तुमच्याकडे पुढच्या ग्राहकाला कोणी भरून टाका म्हणणार नाही. सीपी२००० म्हणजे बिल नाही, प्रस्ताव आहे. आमच्या नोंदींशी तुमचं रिटर्न जुळत नाही, तुमचं म्हणणं काय, इतकंच ते विचारतं. १०९९-आर वर दुसऱ्या चौकटीत आख्खी रक्कम करपात्र म्हणून छापलेली असते, पण शेजारी ‘करपात्र रक्कम निश्चित केलेली नाही’ या खुणेवर टिक असते. मूळ पैसे कर भरलेले होते की नाही, हे ब्रोकरला माहीत नसतं. ते सांगायचं काम ८६०६ चं. तो न जोडल्यामुळे आयआरएसच्या संगणकाला तेरा हजारांचं उत्पन्न बुडवलेलं दिसलं. संगणकाचं काही चुकलं नाही.

मी २०२३ च्याच छापाचे दोन फॉर्म उतरवून घेतले, एक माझा, एक हिचा. रिटर्न एकत्र असलं तरी आयआरए ज्याचं त्याचं असतं. पहिल्या ओळीत ६,५००. माझ्या फॉर्मवर सोळाव्या ओळीत वळवलेले ६,५०४, सतराव्या ओळीत कर भरलेले ६,५००, अठराव्या ओळीत करपात्र ४. हिच्या अठराव्या ओळीत ३. दोघांनी सह्या केल्या. ३१ डिसेंबरला दोघांच्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये शिल्लक शून्य असल्याची वर्षअखेरची विवरणं जोडली, कारण तिथे जुने पैसे पडून असते तर प्रमाणात कर लागला असता. म्हणून तर हिच्या आधीच्या कंपनीतलं ४०१(के) आम्ही मुद्दाम आयआरएमध्ये आणलं नव्हतं. पैसे भरल्याचा पुरावा म्हणून ५४९८ हा फॉर्म, सोबत १०९९-आर, आणि एक पानी पत्र. उत्तराच्या पानावर ‘सहमत नाही’ वर खूण केली. सगळी मिळून अकरा पानं, आयआरएसच्या संकेतस्थळावर नोटिशीसाठीच्या जागी चढवली, मुदतीच्या नऊ दिवस आधी.

मध्ये आयआरएसचं एक पत्र आलं की उत्तर द्यायला आणखी साठ दिवस लागतील. ते साठ दिवस आमच्या घरात कोणी टपालपेटी उघडायला आपण होऊन गेलं नाही. या महिन्यात सीपी२००५ आलं : तुमची माहिती मान्य केली, चौकशी बंद. एकही डॉलर द्यावा लागला नाही. ८६०६ वेळेवर न भरल्याबद्दल प्रत्येकी ५० डॉलर दंड लावता येतो, तोही त्यांनी लावला नाही.

तर मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. सीपी२००५ हातात आल्यावर मी तुम्हीच मार्चमध्ये भरलेलं २०२४ चं रिटर्न काढून पाहिलं. गेल्या वर्षीही आम्ही प्रत्येकी ७,००० भरून वळवले होते. १०९९-आर पोर्टलवर आहेत. ४ए कोरी, ४बी कोरी, ८६०६ नाही. म्हणजे पुढच्या वर्षी अशीच नोटीस १४,००० डॉलरच्या फरकाची येणार, आणि जूनमध्ये मी फोन करून चूक दाखवली तेव्हा तुमच्याकडे कोणीही २०२४ चं रिटर्न उघडून बघितलं नाही. तुमच्या पाटीवर एन्रोल्ड एजंट (आयआरएसची मान्यता असलेला करसल्लागार) असं लिहिलंय. करसल्लागारांसाठीच्या नियमांच्या, म्हणजे सर्क्युलर २३० च्या, कलम १०.२१ नुसार अशा व्यक्तीला ग्राहकाच्या रिटर्नमधली चूक कळली की ती आणि तिचे परिणाम ग्राहकाला लगेच सांगावे लागतात. मला ते रात्री साडेअकराला, मीच केलेल्या शोधातून कळलं.

माझ्या मागण्या अशा. २०२४ साठी १०४०-एक्स (सुधारित रिटर्न) आणि दोन ८६०६ तयार करून, मला दाखवून, पंधरा दिवसांत भरावेत, त्याची फी घेऊ नये. २०२३ ची ४२५ डॉलर फी आणि नोटीस सहाय्याचे ४९ डॉलर परत करावेत. २०२४ ची फी मी मागत नाही, काम नीट करून दिलंत तर ती तुमची. चूक तुमच्या कार्यालयाची होती हे तुमच्या सहीने लिहून द्यावं, कारण इमिग्रेशनच्या वकिलांनी नोटिशीची सगळी कागदपत्रं फाइलला लावायला सांगितली आहेत. आणि आमची सहा वर्षांची कागदपत्रं पोर्टलवरून उतरवून घेण्याची सोय, आम्ही दुसरीकडे गेलो तरी, चालू ठेवावी.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आयआरएसकडे रिटर्न तयार करणाऱ्याविरुद्धच्या तक्रारीचा फॉर्म १४१५७ भरून पाठवणार आहे. तो भरून ठेवलाय, फक्त तारीख घालायची राहिली आहे. मंडळात यातलं कोणाशी काही बोललेलो नाही. तुमच्या टेबलाशेजारी या वर्षी आमचं पुस्तकांचं टेबल होतं, तेव्हा तुम्ही चहा पाठवलात आणि मी तो घेतला. हा विषय तिथे काढणं मला बरं वाटलं नाही, म्हणून हे पत्र.

उत्तर ई-मेलवर नको, कागदावर सहीनिशी हवं.

आपला,
(सही)
सहा वर्षांपासूनचा ग्राहक

सोबत : सीपी२००० आणि सीपी२००५ च्या प्रती, पोर्टलवरील ११ फेब्रुवारी २०२४ च्या नोंदीचं चित्र, नोटीस सहाय्य योजनेची पावती, २०२४ च्या रिटर्नचं पहिलं पान.