नाट्यशिक्षकाच्या पाठीशी एक जाणतं माणूस द्या

प्रति,
माननीय उच्च शिक्षण मंत्री,
कर्नाटक राज्य

स. न. वि. वि.

मी बेळगावातल्या एका पदवी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि नाटकाचं कामही पाहते. पत्र मराठीत लिहिलं आहे, कन्नड अनुवाद सोबत जोडला आहे.

मागणी आधीच सांगते. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत नाटक शिकवणाऱ्या, बसवणाऱ्या शिक्षकांना विभाग आणि माणसं सांभाळण्याचं रीतसर प्रशिक्षण द्या. प्रत्येक नव्या शिक्षकाला निदान एक वर्ष एका अनुभवी मार्गदर्शकाशी जोडून द्या. सुरुवात इथल्याच राणी चन्नम्मा विद्यापीठापासून करा.

नाटकाचं काम म्हणजे युवक महोत्सवासाठी 30 मिनिटांची एकांकिका बसवणं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आमची तालीम सुरू होते सगळे तास संपल्यावर, पाच वाजता. हॉलची किल्ली शिपायाकडे आणि त्याला सातला घर गाठायचं असतं. खानापूरकडच्या मुलींची बस चुकू नये म्हणून त्यांचे प्रवेश आधी उरकायचे, मग नाटकाचा क्रम काही का असेना. स्पॉट भाड्याने आणायचे तर तीन कोटेशनं लागतात, आणि दिवेवाला पक्कं बिल द्यायला तयार नसतो. मग पदरमोड. एवढ्यात कुणीतरी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगतं की अमुक वाक्याने आमच्या भावना दुखावल्या. अशा वेळी संहितेची बाजू मांडायची, मुलांना उघडं पडू द्यायचं नाही आणि प्राचार्यांचाही मान राखायचा. हे सगळं शिक्षकाने एकट्याने निभवायचं, तेही बहुधा नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत.

माझ्या ओळखीच्या एका तरुण शिक्षकाने अशाच एका प्रसंगानंतर नाटक सोडलं. मुलांकडून काम काढून घेण्याची विलक्षण हातोटी होती त्याच्यात. तालमी सुरू करण्याआधी संहिता समितीपुढे वाचून दाखव, मंजुरीची सही घेऊन ठेव, तक्रार आली तर एकटा आत जाऊ नकोस, एवढं सांगणारं कुणी त्याच्याजवळ असतं तर तो आज तालमीत असता. आता तो फक्त तास घेतो. त्याची आठवण आली की मला अजून वाईट वाटतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत नाट्य विषयासाठी वेगळी वाट ठेवली आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या संस्थेत शिकलेला, रंगभूमीवर नाव कमावलेला कलावंतही सहायक प्राध्यापक होऊ शकतो. ही तरतूद मोलाची आहे. पण अशा माणसाला आपण दारातून आत घेतो आणि तिथेच सोडून देतो. वर्षा-दोन वर्षांत त्याच्यावर विभागाची जबाबदारी येते. अभ्यासक्रम मंडळाची बैठक कशी चालवायची, अंदाजपत्रक कसं मांडायचं, रात्रीच्या तालमीत मुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी कशी घ्यायची, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

केंद्राच्या मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमात 2023 पासून शैक्षणिक नेतृत्व हा विषय आहे. तो सगळ्या शाखांसाठी सरसकट आहे. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखाला आणि नाटकाच्या विभागप्रमुखाला एकाच साच्यातलं प्रशिक्षण पुरणार नाही. नाटकाच्या वर्गात मूल शरीराने, आवाजाने, कधी घरच्या दुःखानेही समोर उभं असतं. तिथे शिक्षकाचा अधिकार किती आणि तो कुठे थांबवायचा, हा नेतृत्वाचाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक. अमेरिकेत 1986 साली स्थापन झालेली उच्च शिक्षणातल्या नाट्यशिक्षकांची संघटना आपल्या सभासदांसाठी नेतृत्वाचं वेगळं प्रशिक्षण घेते. आपल्याकडे निदान एका विभागात तरी ते का होऊ नये?

आणि हा प्रदेश काही नाटकाला नवखा नाही. संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गावोगाव फिरणाऱ्या कन्नड नाटक कंपन्यांतले नट एणगी बाळप्पा हेही याच जिल्ह्यातले. ते बालनट म्हणून कंपनीत शिरले आणि पुढे स्वतःची कंपनी चालवली. कंपनीत राहून ते अभिनयाबरोबर मुक्काम ठरवणं, पगार भागवणं, रुसलेल्या नटाची समजूत काढणंही शिकले असणार. थोरांच्या हाताखाली राहून शिकण्याची ती सोय कंपन्यांबरोबर संपली. विद्यापीठांनी तिच्या जागी काही उभं केलं नाही.

मार्गदर्शक शोधायला लांब जावं लागणार नाही. धारवाडला रंगायण ही राज्य सरकारची नाट्यसंस्था आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेचा अनुभव तर साऱ्या देशाने वाखाणलेला. मराठी शिक्षकाला कन्नड मार्गदर्शक मिळाला तर उत्तमच, आणि उलटही. आमच्या तालमीत दोन्ही भाषांची मुलं आजही एकत्र असतात. मार्गदर्शकाने मात्र भाषण देऊन परत जाऊ नये. सत्रात दोन-तीनदा तालमीला येऊन बसावं, एखाद्या विभागीय बैठकीलाही हजर राहावं आणि एरवी फोनवर भेटावं. त्याला प्रवासखर्च आणि मानधन द्या, आणि शिकणाऱ्या शिक्षकाचे हे तास कार्यभारात धरा. कार्यभारात न धरलेलं काम पहिल्या परीक्षेच्या वेळापत्रकातच बुडतं.

अतिथी व्याख्यात्यांना यातून वगळू नका, ही माझी कळकळीची विनंती. कितीतरी महाविद्यालयांत नाटक त्यांच्याच खांद्यावर आहे. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसताना ती माणसं मुलांबरोबर रात्री नऊपर्यंत थांबतात.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधात याल तेव्हा एक संध्याकाळ काढावी. आम्ही पंचवीस-तीस नाट्यशिक्षक, मराठी आणि कन्नड दोन्ही, आपल्याला भेटायला तयार आहोत. जागा आपण सांगाल ती. कुलगुरूंनाही सोबत बोलावलंत तर प्रायोगिक वर्षाचा आराखडा त्याच बैठकीत ठरवता येईल. त्याचा कच्चा मसुदा आम्ही तयार ठेवतो.

आपली विश्वासू,
एक नाट्यशिक्षिका, बेळगाव