एका संसाराला तीन कोर्टं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोरोनामुळे कोर्टकामाला मिळालेली मुदतमाफी २८ फेब्रुवारी २०२२ ला संपली. १५ मार्च २०२० पासूनचा काळ दावे, अपिलं, अर्ज यांच्या मुदतीत धरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २३ मार्च २०२० ला सांगितलं होतं. मधे ती सवलत दोनदा थांबली, दुसऱ्या आणि तिसऱ्या लाटेत पुन्हा सुरू झाली, आणि १० जानेवारी २०२२ ला तिची शेवटची तारीख ठरली. ही बातमी मी घरात मोठ्यानं वाचली तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "मग ती दोन वर्षं आपल्याला परत देणार का?" मी चष्मा पुसत बसलो.

मी एसटीचा निवृत्त वाहक. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. २०१३ साली लेकीला पुण्यात दिली. २०१८ च्या दिवाळीला ती मुलाला घेऊन आली ती परत गेली नाही. काय झालं ते इथं लिहीत नाही, कोर्टात लिहून दिलंय तेवढं पुरे. पुढे जावयानं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा टाकला. आम्ही तालुक्याच्या कोर्टात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला आणि सासरच्या छळाची, म्हणजे ४९८-अ ची, फिर्याद दिली. माहेरी येऊन राहिलेल्या बाईला माहेरच्या गावी अशी फिर्याद देता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, असं वकिलांनी सांगितलं होतं. ही झाली दोन कोर्टं. तिसऱ्याची गोष्ट पुढे येईल.

अंतरिम पोटगीवर दोन्हीकडचं म्हणणं ऐकून झालं होतं. आदेशासाठी तारीख होती २४ मार्च २०२०. त्याच्या आठवडाभर आधी वकिलांचा फोन आला, "आता फक्त तातडीची कामं." मी विचारलं, तातडीची म्हणजे कुठली? "रिमांड, जामीन, मनाई हुकूम." पोटगी? "बघू."

नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा अर्ज निकाली काढावा, असं कायद्यातच लिहिलंय. जामीन तातडीचा आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणूस आत असतो. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही ठणकावून सांगितलं की मुदतमाफीचा आधार घेऊन पोलिसांना आरोपपत्र लांबवता येणार नाही, ६० किंवा ९० दिवस भरले की आरोपीला जामिनाचा हक्क आहेच. वाचून बरं वाटलं. पण चार वर्षांच्या पोराच्या दुधाचं बिलही महिन्याच्या महिन्यालाच येतं. त्याला तातडीच्या यादीत कुणी घातलं नाही. माझं पेन्शन किती, हे एसटीतल्या कुणालाही विचारा. हसेल तो.

लेक रोज सकाळी चहा घेताना मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप उघडायची. नंबर टाकला की पुढची तारीख दिसायची. दोन आठवड्यांनी बघावं तर तीही पुढे गेलेली. एरवी कोर्टात गेलं की निदान शिरस्तेदाराच्या टेबलाशी चार माणसं भेटतात, "तुमचं काय झालं?" म्हणतात. इथं नुसता आकडा बदलायचा.

एकदा पुण्याची तारीख लागली. तेव्हा जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. कारणाच्या रकान्यात मी 'कोर्टाची तारीख' लिहिलं. नामंजूर. पुतण्या म्हणाला, "काका, मयत लिहा, लगेच मिळतो." ते काही माझ्याच्यानं झालं नाही. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी विनापास सुरू झाली, तोवर ती तारीखही उलटून गेली होती.

पोटगीचा आदेश डिसेंबर २०२० मध्ये झाला. लेकीला चार हजार, नातवाला दोन हजार. त्याआधी महिनाभर, ४ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सांगितलं होतं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही आपल्या मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यामुळे आम्हाला ऑगस्ट २०१९ पासूनची धरून मिळाली. नोव्हेंबरअखेर १६ महिने, ९६ हजार रुपये. कागदावर.

वसुलीचं वॉरंट काढलं. पोलीस बंदोबस्तात. पुण्यात आमचा कागद घेऊन कोण कुणाच्या दारात जाणार? आणि आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. जावई हॉटेलात कॅप्टन होता. हॉटेलं बंद होती हे काही तो खोटं सांगत नव्हता. स्कूटरवरून लोकांच्या दारात जेवण पोचवायचं काम करत होता. त्याच्याकडे ९६ हजार नव्हतेच. त्याला आत टाकला असता तरी ते आले नसते.

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, ते नवरा-बायकोशी बोलतात. ते बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं. आमचं घर दोन खोल्यांचं. रेंज येते ती स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी. लेकीनं फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, आईला शेजारच्या घरी पाठवलं, मला म्हणाली, "आप्पा, तुम्ही बाहेर बसा." बाहेर म्हणजे पडद्यापलीकडे. बाईंनी हळूहळू विचारलं, लेक हळूहळू बोलली, आणि माहेरी आल्यापासून तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं ते मी ऐकलं. ते मला कळायला नको होतं. तिला बाहेरच्या माणसापाशी बोलायचं होतं, बापापाशी नाही. उठून जावं, तर दाराची कडी वाजेल म्हणून बसून राहिलो. नवरा-बायकोच्या खटल्यात व्हिडिओ जपून वापरा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं ऑक्टोबर २०१७ मध्येच सांगितलं होतं. का सांगितलं, ते मला त्या दुपारी कळलं.

म्हणून 'सगळं ऑनलाइन करा' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण पुढचंही ऐका.

मार्च २०२१ मध्ये तडजोड झाली. पाच लाख एकरकमी, दोन हप्त्यांत. घटस्फोटाचा दावा परस्पर संमतीचा झाला. मधला सहा महिन्यांचा थांबा माफ करता येतो, हे २०१७ पासून आहेच. त्यासाठी नवरा-बायकोनं दीड वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, तेही कधीच उलटून गेलं होतं. दुसरी लाट आली, मुंबई-पुण्याला जायची हिंमत नव्हती, आणि जुलैमध्ये पुण्याच्या कोर्टानं दोघांना व्हिडिओवर बोलावलं. या वेळी लेक पुतण्याच्या दुकानात, शटर अर्धं ओढून बसली. न्यायाधीशांनी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. स्वखुशीनं देताय का? कुणाचा दबाव? पैशाचा पहिला हप्ता मिळाला? मुलाचा ताबा, भेटीचे दिवस ठरलेत तसे मान्य? मधेच जावयाचा चेहरा तोंड उघडं राहून थिजला. नातू मागून वाकून बघत म्हणाला, "बाबा बोलत का नाहीत?" मग चित्र पुन्हा हललं. सात मिनिटांत आठ वर्षांचा संसार सुटला, आणि कुणाचा एक रुपया प्रवासात गेला नाही. इतकं सरळ काम त्या दोन वर्षांत आमच्या वाट्याला दुसरं आलं नाही.

आता तिसरं कोर्ट. घटस्फोट झाला तरी ४९८-अ चा खटला उभाच आहे. हा गुन्हा आपल्याकडे तडजोडीनं मिटवता येत नाही. दोघं राजी असले तरी तालुक्याच्या न्यायाधीशांना तो बंद करता येत नाही. तो रद्द करायचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाचा. दुसरा अडीच लाखांचा हप्ता फिर्याद रद्द झाल्यावर द्यायचा, असं तडजोडीत लिहिलंय, म्हणजे पैसेही तिथंच अडकलेत. दुसरी वाट आम्हाला एकानं सुचवली (आमचे वकील नव्हेत): मुलीनं साक्षीला उभं राहून 'मला आता आठवत नाही' म्हणायचं, आरोपी सुटतात, सगळीकडे असंच चालतं. म्हणजे 'आमचं मिटलं' हे खरं बोललं तर तालुक्याच्या कोर्टाला चालत नाही, आणि शपथेवर खोटं बोललं तर खटला संपतो. लेक नको म्हणाली. बरं झालं.

आंध्र प्रदेशानं २००३ सालीच कायद्यात दुरुस्ती करून कोर्टाच्या परवानगीनं हा गुन्हा मिटवायची सोय केली. आपल्याकडे ती झाली असती तर आमचा कागद गावातच संपला असता.

नोव्हेंबर २०२१ मधला एक दिवस डोळ्यासमोरून हलत नाही. आमच्याकडच्या खटल्याची तारीख होती. आरोपी तीन: जावई, विहीणबाई आणि नाशिकला दिलेली नणंद. हजेरी माफीचा अर्ज आधी दोनदा मंजूर झाला होता, या वेळी हजर राहायला सांगितलं होतं. एसटीचा संप सुरू झालेला. (माझेच जुने सोबती संपावर गेले होते, त्यांच्या मागण्यांवर एक वेगळं पत्र लिहीन.) विहीणबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे गेलेले, पुण्याहून भाड्याच्या गाडीनं आल्या होत्या. कोर्टाच्या पायरीवर मास्क हनुवटीला लावून बसल्या होत्या. पुकारा झाला, न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख. मी पाण्याची बाटली नेऊन दिली. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझं जाऊ द्या. पण नाशिकच्या पोरीनं काय केलं होतं हो?"

काही नाही केलं तिनं. लेकीच्या लग्नानंतर ती त्या घरात चार दिवससुद्धा राहिली नव्हती. फिर्याद लिहून देताना रागाच्या भरात तिचं नाव मीच सांगितलं होतं. ८ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं बिहारमधल्या एका प्रकरणात, सासरच्या सगळ्यांची नावं मोघम आरोपांत गोवण्याबद्दल कडक शब्द वापरले, ते वाचताना मला ती पायरी आठवली. ४९८-अ नको, असं मी म्हणत नाही. लेकीनं त्या खिडकीपाशी जे सांगितलं ते ऐकल्यावर तर मुळीच नाही. पण नाव घालायला मला एक मिनिट लागलं आणि काढायला मुंबईला जावं लागतंय.

आता सगळी कोर्टं पूर्ववत झाली, चांगलं झालं. मला एवढंच विचारायचंय की दोन वर्षांत जे उमगलं ते निर्बंधांसोबत गुंडाळून ठेवायचं का? परस्पर संमतीची शेवटची हजेरी, आरोपीची नुसती हजेरी, फिर्याद रद्द करायला फिर्यादीची संमती, याला माणूस दोनशे-तीनशे किलोमीटर कशाला हलवायचा? साक्ष, उलटतपास, समुपदेशन समोरासमोर होऊ द्या. आणि ज्याच्या घरी खोली नाही, फोन नाही, त्याच्यासाठी तालुक्याच्या कोर्टातच एक खोली द्या: दार लागणारी, पडदा आणि कॅमेरा असलेली. तालुका विधी सेवा समिती आहेच, तिच्याकडे सोपवा. दार लागणारी, हे मुद्दाम लिहितोय. आणि पुन्हा कधी टाळेबंदीची वेळ आली, तर तातडीच्या यादीत पोटगीचा अर्ज जामिनाच्या खाली का होईना, पण असू द्या.

उच्च न्यायालयात आमचा अर्ज दाखल झालाय. वकील म्हणतात, लेकीला आणि बाकीच्यांना हजर राहावं लागेल. मार्च २०२२ उजाडला तरी एसटीचा संप मिटलेला नाही, तेव्हा पुतण्याची जीप ठरवली आहे. परवा विहीणबाईंचा फोन आला. गाडीत जागा असेल तर पुण्यात मला आणि मुलाला घ्याल का, डिझेलचे निम्मे आम्ही देऊ, असं विचारत होत्या. लेकीला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आईंना पुढं बसवा, मागं त्यांचे पाय अवघडतात." तेव्हा अर्जदार आणि सामनेवाले एकाच जीपमधून मुंबईला जातील.

आपला,
एक वाचक, जि. सातारा

(लेकीचा आणि नातवाचा विचार करून माझं नाव व गाव छापू नये, ही विनंती.)