मनगट, कोपर आणि टोनी मार्टिन : एका फिजिओथेरपिस्टला जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

तुमचे नाव लिहायचे नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. मात्र खासगीत आभार मानून मोकळे व्हावे, हे मला पटले नाही. माझ्या मनगटाला ‘मुका मार’ ठरवून ज्यांनी मला परत पाठवले त्यांच्याबद्दल मी चारचौघांत पुष्कळ बोलले आहे, तेव्हा जे नीट झाले तेही चारचौघांतच सांगायला हवे.

अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्काफॉइड हे काजूएवढे हाड मोडले, तरी पहिल्या एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा दिसत नाही, आणि रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे ते जुळायलाही वेळ घेते. तेव्हा पहिल्या फोटोत ते न दिसणे हा कोणाचा अपराध नव्हता, हे मला मान्य आहे. पण आठवडे उलटूनही ‘अजून दुखते’ म्हणणाऱ्या बाईला दुसरा एक्स-रे सुचवण्याऐवजी ‘आता या वयात सायकल कशाला?’ असे विचारणे हा उपचाराचा कोणता प्रकार, ते मला आजही कळलेले नाही. सायकल विकण्याचा सल्ला मला फुकट आणि भरपूर मिळाला. निदान मात्र शेवटी मलाच मागून घ्यावे लागले.

प्लास्टर निघाल्यावर तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही सायकल कोणत्या प्रकारची, असे विचारले, आणि मी ‘टाइम ट्रायल’ म्हणाल्यावर न हसता ‘म्हणजे काय?’ असे विचारले. एकेकट्याने ठरावीक अंतराने सुटायचे, पुढच्याच्या आडोशाला राहायचे नाही, घड्याळाशिवाय प्रतिस्पर्धी नाही, आणि जवळजवळ सगळी ताकद वारा कापण्यात जात असल्यामुळे पाठ सपाट आणि हात पुढे ठेवून तसेच वाकून राहायचे, असे मी सांगितले. त्या ओघात टोनी मार्टिनचे नाव निघाले, आणि मग ते थांबले नाही. स्पंजचा चेंडू दाबण्याचे ते कंटाळवाणे व्यायाम करताना मी तुम्हाला या जर्मन सायकलपटूची अख्खी कारकीर्द ऐकवली, आणि तुम्ही ती ऐकून घेतलीत.

२०१२ चे त्याचे वर्ष मी सर्वांत आधी सांगितले, कारण त्यात माझे हाड होते. आदल्या वर्षी कोपनहेगनला तो पहिल्यांदा विश्वविजेता झाला होता. पण २०१२ च्या एप्रिलमध्ये सरावाच्या वेळी मोटारीची धडक बसून त्याच्या गालाचे आणि जबड्याचे हाड मोडले, आणि त्यातून सावरून तो टूर द फ्रान्सला आला तर पहिल्याच टप्प्यात पडून डाव्या मनगटातले स्काफॉइड गेले. तशाच हाताने तो नवव्या टप्प्याच्या टाइम ट्रायलपर्यंत टिकला आणि मगच घरी गेला. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रॅडली विगिन्सच्या मागे त्याने रौप्यपदक मिळवले, आणि सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये टेलर फिनीला अवघ्या पाच सेकंदांनी मागे टाकून विश्वविजेतेपद राखले. मोडक्या मनगटाने शर्यत रेटणे हा आदर्श नव्हे, हे तुम्ही तेव्हाच मला ठणकावले होते. ते बरोबरच होते.

पुढच्या वेळी मी आले तेव्हा तुमच्या टेबलाच्या कडेवर दोन टॉवेल घट्ट गुंडाळून, खांद्याइतके अंतर ठेवून मांडलेले होते. तुम्ही म्हणालात, ‘तुमच्या त्या मार्टिनचे फोटो बघितले. वजन सगळे कोपरांवर आहे, मनगटावर नाहीच. ठेवा कोपर, आणि सायकलवर बसता तशा वाका.’ मी वाकले आणि दुखले नाही. मग तुम्ही लगेच विचारलेत, ‘पण ब्रेक कुठे असतात?’ मॅडम, हा प्रश्न सायकलवाल्यांनासुद्धा सुचला नव्हता. गिअर हातांशी असतात आणि ब्रेक बाहेरच्या हँडलवर, म्हणजे ब्रेकसाठी हात उचलून मनगटावर भार घ्यावाच लागतो, हे ऐकल्यावर तुम्ही घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, जिथे ब्रेकचे कामच नाही, तिथे सायकल चालवायची परवानगी दिलीत आणि रस्ता बंद ठेवलात. कोणाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. मला मात्र एवढे दिसले की, दिवसभर रुग्ण तपासून थकलेल्या एका व्यक्तीने संध्याकाळी एका परक्या खेळातल्या परक्या माणसाच्या कोपरांकडे माझ्यासाठी निरखून पाहिले.

तेव्हापासून मला मातेओ त्रेन्तिनची वारंवार आठवण होते. २०१५ च्या टूरमध्ये मार्टिन पिवळ्या जर्सीपासून (एकूण वेळेत सर्वांत पुढे असणाऱ्याला ती मिळते) एका सेकंदावर होता, आणि चौथ्या टप्प्यात, दगडी रस्त्यांवरून काम्ब्रेकडे जाताना, त्याचे चाक पंक्चर झाले. संघातल्या त्रेन्तिनने स्वतःची सायकल काढून त्याला दिली, त्या दुसऱ्याच्या सायकलवरून मार्टिनने शेवटच्या काही किलोमीटरमध्ये मुसंडी मारली, टप्पा जिंकला आणि जर्सी मिळवली. निकालाच्या तक्त्यात त्रेन्तिनच्या सायकलसाठी रकाना नसतो. मार्टिनची टाइम ट्रायलची चार वैयक्तिक विश्वविजेतेपदे (२०११, २०१२, २०१३ आणि दोहातले २०१६) तो एकटा सुटला आणि एकटा पोहोचला अशीच नोंदली गेली आहेत. एकट्याच्या या खेळात मागे किती जणांचे हात असतात हे मोजायची पद्धतच नाही. भलेपणाबद्दल मोठे बोलणारे मला आजारपणात खूप भेटले. टॉवेल गुंडाळून ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच.

आता रस्त्यावर जायला तुमची हरकत नाही, आणि डाव्या हाताची पकड उजवीच्या बरोबरीला आली आहे, हे तुम्हीच मोजून सांगितले आहे. पहाटे हँडलवर हात नेऊन ब्रेक दाबते तेव्हा मनगट किंचित कुरकुरते; घाबरायचे कारण नाही, पुढच्या तपासणीला सांगेनच.

आणखी एक. पुढे काय बघायचे, असे तुम्ही विचारले होते. वुएल्टा या स्पेनमधल्या शर्यतीचा २०१३ चा, कासेरेसकडे जाणारा सहावा टप्पा बघा : मार्टिन सुरुवातीलाच एकटा निघतो, १७५ किलोमीटरच्या त्या टप्प्यात जवळजवळ शेवटपर्यंत एकटा राहतो आणि रेषा डोळ्यांसमोर असताना मागचे त्याला गाठतात. काम्ब्रेचाही अवश्य बघा. त्यानंतर दोन दिवसांनी ल हाव्रला तो पिवळ्या जर्सीतच पडला आणि गळपट्टीचे हाड मोडून घरी गेला, तो टप्पा मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. हाडे तुम्हाला कामाच्या वेळी पुरेशी बघावी लागतात.

आपली कृतज्ञ,
डाव्या मनगटाची रुग्ण