मनूला, होस्टेलच्या पत्त्यावर

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. 'पोचले. ठीक आहे. फोनवर तो विषय काढू नकोस, खोलीत सगळ्या असतात.' बरं, तुझ्या पाळीचा आणि गोळ्यांचा विषय फोनवर नाही काढणार. पत्र एकटीनं वाचता येतं, म्हणून लिहायला बसले. निघताना बाबांच्या हातातली बॅग ओढून घेतलीस आणि मागे वळून बघितलंही नाहीस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. राग आला की तू अशीच चालू पडतेस, अगदी अण्णांसारखी.

फक्त एक सांग. तिसरा मजला मिळालाय म्हणालीस ना? जिना चढताना दम लागतो का?

तू म्हणशील, हिमोग्लोबिन 9.2 वरून 11.4 वर आलंय, आता काय. ते आलंय ते खरंच. पण तुझ्या वयाला 12 च्या खाली म्हणजे अजून कमीच, आणि मुख्य गोष्ट ती नाहीच. मुख्य गोष्ट रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे, जे तू उलटून बघत नाहीस. फेरिटिन 6. अंगात लोह साठवलेलं किती आहे ते त्यावरून कळतं, आणि 15 च्या खाली गेलं की साठा संपला असंच धरतात. रक्त जायला लागलं की शरीर आधी साठ्यातलं लोह काढून वापरतं. हिमोग्लोबिन खाली येतं ते त्यानंतर. म्हणूनच आठवीत तुझं हिमोग्लोबिन ठीक होतं आणि तरी तू शाळेतून आलीस की दप्तरासकट पलंगावर पडायचीस. मूठभर केस कंगव्यात यायचे. लक्ष लागत नाही म्हणायचीस. तो आळस नव्हता, मनू. आळशी मूल पहाटे उठून मैदानावर जात नाही.

म्हणून हिमोग्लोबिन 12 वर गेलं तरी लोहाच्या गोळ्या पुढे तीन महिने चालूच ठेवायच्यात, साठा भरेपर्यंत. एक दिवसाआड, डॉक्टरांनी सांगितलंय तशी. चहा, कॉफी, दूध यांच्यासोबत नाही, मध्ये तासा-दोन तासांचं अंतर ठेव. शौचाला काळं झालं तर घाबरू नकोस, ते लोहानं होतं. पोट घट्ट झालं तर पाणी वाढव आणि डॉक्टरांना कळव, पण आपल्या मनानं गोळी बंद करू नकोस. भांडण एवढ्यावरूनच झालं ना आपलं.

तुझी ती वही मी बॅगेत वरच ठेवलीय, आलेखाची, मागच्या पानांवर तक्ता आखलेली. डॉक्टरांनी नुसतं सांगितलं होतं की किती जातं ते लिहून आण. तू घरी येऊन पट्टीनं रकाने आखलेस आणि लाल पेन्सिलीनं तीन तऱ्हेची पॅडं काढलीस. जेमतेम डाग पडलेलं, त्याला 1. मध्यम भिजलेलं, त्याला 5. पूर्ण भिजलेलं, त्याला 20. गाठींचे वेगळे. ही पद्धत 1990 पासून डॉक्टर वापरतात, आणि एका पाळीची बेरीज 100 च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त आहे असं समजतात. पुस्तकात एका पाळीला 80 मिलीलिटरच्या वर असं लिहितात, पण घरात कोण मोजायला बसतंय. तुझ्या एप्रिलच्या पानाची बेरीज दोनशेच्या पुढे गेली होती. डॉक्टरांनी ती वही दोनदा चाळली आणि विचारलं, हे कुणी केलं? तू 'मी' म्हणालीस, मान वर करून. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आधीच्या डॉक्टरांकडे 'या वयात असंच असतं, होईल कमी' एवढंच ऐकून आपण परत आलो होतो. नुसतं 'खूप जातं' म्हटलं की कुणी ऐकत नाही. तुझ्या वहीनं ऐकायला लावलं.

या वयात असंच असतं यातलं अर्धं खरं आहे, तेही लिहिते. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला अंडं बाहेर पडतंच असं नाही. ते पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, मग गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि सुटतं तेव्हा भरमसाट सुटतं. म्हणून तारखा मागेपुढे होतात. 21 दिवसांनी आली काय, 45 दिवसांनी आली काय, तुमच्या वयात चालतं. पण सात दिवसांच्या वर जाणं, तासा-दोन तासांत पॅड भिजणं, रात्री उठून चादर बदलावी लागणं, इंचाएवढ्या गाठी पडणं, हे वयाच्या नावावर खपवायचं नाही. कुणीही खपवायला सांगितलं तरी.

चक्कर येते का गं? अंथरुणातून उठताना? खरं लिही.

आता ती दुसरी तपासणी, रक्त गोठायला लागणाऱ्या फॉन विलब्रँड नावाच्या घटकाची. डॉक्टर म्हणाल्या, आकडा सीमेवर आहे, पुन्हा करावी लागेल. आजारपणात, ताणात, घाबरलेलं असताना तो घटक रक्तात वाढतो, त्यामुळे एका रिपोर्टवरून हो किंवा नाही म्हणता येत नाही. त्या दिवशी सुई बघून तुझे हात गार पडले होते, माझ्या हातात होते ते. तर सुट्टीत ती परत करू, आणि या वेळी माझीही करणार आहेत. हे आजार आईकडून किंवा बापाकडून येतात. शकुमावशीच्या बाळंतपणात काय झालं ते तुला ठाऊक आहे. आजीचं गर्भाशय ज्या वयात काढलं तेही ठाऊक आहे. तेव्हा कुणी रक्ताची तपासणी केली नाही, सगळ्यांनी 'घराण्यातच आहे' म्हटलं आणि सोडून दिलं. घराण्यात आहे हे बरोबरच होतं बहुतेक.

तुझा पहिला दुधाचा दात पडला तो दिवस आठवतो. सकाळी पडला आणि संध्याकाळपर्यंत थुंकीत लाल येत होतं. तू मात्र खूश, दात डबीत घालून शेजारीपाजारी दाखवत फिरत होतीस आणि मी कापूस घेऊन तुझ्या मागे. उन्हाळ्यात घोळणा फुटायचा, तोही लवकर थांबायचा नाही. पायावर काळेनिळे डाग कायमचे, पण पडणाऱ्या-धडपडणाऱ्या पोरीच्या पायावर ते असायचेच. डॉक्टरांनी एकेक विचारलं, दात, नाक, डाग, आईचं बाळंतपण, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं ओळीनं उभं राहिलं.

हे लिहायचं नव्हतं, पण रात्री झोप लागली नाही म्हणून वाचत बसले होते. तो घटक कमी पडला की जो आजार होतो त्यावर फॉन विलब्रँड नावाच्याच फिनलंडच्या डॉक्टरांनी 1926 मध्ये पहिल्यांदा लिहिलं. त्यांच्याकडे एका बेटावरच्या घरातली पाच वर्षांची मुलगी आली होती. तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत, रक्त न थांबल्यानं ती गेली. त्यापुढे मला वाचवेना. मग उठून तुझ्या खोलीत गेले, तू गेलीयस हे माहीत असून. तेव्हा काही औषधच नव्हतं, मनू. आता आहे. तुझ्या पर्समधेच आहे. आणि तुला तो आजार आहे हे अजून ठरलेलंही नाही. असला तरी बहुतेकांचा सौम्य असतो, माणसं सगळं आयुष्य नीट जगतात. हे मी तुला सांगतेय की मला, कोण जाणे.

पर्समधली पांढरी गोळी, ट्रॅनेक्झामिक ॲसिड. ती हार्मोनची नाही. रक्त जिथे गोठतं ती गुठळी लवकर विरघळू न देणं एवढंच तिचं काम. रक्तस्राव सुरू झाला की घ्यायची, दिवसातून तीनदा, चिठ्ठीत लिहिलंय तेवढेच दिवस, आधीपासून नाही. तू म्हणालीस ना, 'असल्या गोळ्या कोण बनवतं'. जपानमध्ये उताको ओकामोतो नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं 1962 मध्ये हे औषध जगापुढे मांडलं. बाळंतपणात रक्तस्रावानं बायका मरतात ते थांबवायचं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मुलीला सांभाळायला कुणी नाही म्हणून तिला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतिणींवरची मोठी चाचणी वीस हजारांवर बायकांवर झाली आणि तिचा निकाल आला 2017 मध्ये. औषधानं जीव वाचतात हे त्यात दिसलं. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या, 98 व्या वर्षी. मला त्या बाईंना एकदा भेटायला आवडलं असतं.

मैत्रिणीनं पोटदुखीवर दिलेली गोळी मात्र घेऊ नकोस. रक्ताची तपासणी स्पष्ट होईपर्यंत ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही, मेफेनामिक ॲसिडही नाही. त्यांनी रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि गरम पाण्याची पिशवी आहेच.

या गोळ्यांनी भागलं नाही तर डॉक्टर हार्मोनच्या देतील म्हणाल्यात. कुणीतरी तुझ्या कानावर घालेलच की त्यानं पुढे मूल होत नाही. ते साफ खोटं आहे. गोळ्या थांबवल्या की शरीर आपल्या चालीवर परत येतं. कानावर घालणारी माणसं तुझ्या बरोबर रात्रभर जागायला येणार नाहीत.

वर्गात पॅड चार-सहा तासांनी बदलायचंच, भिजलं नसलं तरी. तास चालू असेल तर हात वर करायचा आणि उठायचं. दहावीच्या सराव परीक्षेत तू डागाच्या भीतीनं शेवटची घंटा होईपर्यंत जागची हलली नाहीस, पेपर लिहून संपला होता तरी. असं परत करायचं नाही. कुणी हसलं तर हसू दे, बाई परवानगी देत नसतील तर पुन्हा विचार, तिसऱ्यांदा विचार, लाज ही काही...

पुरे. भाषण झालं, मला कळतंय. रागावू नकोस. ज्या मुलीनं मैदानावर सगळ्यांदेखत 'सर, माझी पाळी आहे, आज धावणार नाही' असं सरळ सांगितलं, तिला हे शिकवायची गरज नाही. मला तुझ्या वयात हे वाक्य उच्चारता आलं नसतं. सरांनी ते मला फोन करून सांगितलं, कौतुकानंच. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

पण एक गोष्ट तुझ्यावर सोडत नाही, ती हुकूम समज. लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडायला लागली, जिना चढता चढता मध्येच बसावं लागलं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन असोत. आधी रेक्टर मॅडमना उठवायचं, मग मला. 'त्यांची झोप मोडेल' असला विचार तू करतेस, मला माहीत आहे तू करतेस. न्हाणीघरात एकटी असशील तर कडी लावू नकोस त्या दिवसांत, मैत्रिणीला दाराशी उभी कर.

डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रती कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या फायलीत आहेत. एक रेक्टर मॅडमना दे. त्यांच्याशी मी बोलले नाही, तू नको म्हणाली होतीस. तूच बोल, पण या आठवड्यात बोल. दुसरी तुझ्या ओळखपत्राच्या मागे घालून ठेव. सुट्टीच्या पहिल्याच सोमवारी सकाळी रक्त द्यायला जायचंय, आपल्या दोघींचं, वेळ घेऊन ठेवलीय. वही आण येताना. मधले महिने कोरे सोडू नकोस.

बाबा विचारतायत, पंखा नीट चालतो का.

तुझी,
आई