स्लॅब शनिवारी रात्रीच का पडतो?

महोदय,

ठाण्यातील शीळफाट्यावरील लकी कंपाउंडमधील इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ७४ जणांचा बळी गेला, तेव्हा वरचे काम चालू असतानाच खाली कुटुंबे राहायला आलेली होती; पुढे पालिकेच्या अधिकाऱ्यांबरोबर पोलिसांनाही अटक झाली. आमच्या गल्लीत आजही शनिवारी रात्री मिक्सर लागतो, हिरव्या जाळीआड स्लॅब पडतो आणि सोमवारी कार्यालय उघडते तेव्हा टेकू तेवढे दिसतात. तक्रार केली तर चौकी ‘हा पालिकेचा विषय’ म्हणते आणि प्रभाग कार्यालय ‘बंदोबस्त मिळाला नाही’ असे सांगते. (नोटीस मात्र न चुकता भिंतीवर चिकटते आणि यथावकाश गिलाव्याखाली जाते.) वास्तविक, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विनापरवाना बांधकाम हा गुन्हाच आहे. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलिसांनी उभारलेल्या, पोलीस आणि रहिवासी एकत्र बसणाऱ्या मोहल्ला समित्यांमुळे १९९२-९३ मध्ये ते शहर शांत राहिले. बांधकामांसाठीही तशीच समिती हवी; तिच्या मासिक बैठकीला बीट अंमलदाराबरोबर (म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाबरोबर) प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्यालाही बसवावे आणि परवानगीचा फलक नसलेल्या बांधकामांची यादी तिथेच, दोघांच्या सहीने, नोंदवावी.

– एक रहिवासी